उघड्यावरची खुर्ची : एक परीक्षण

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात खुर्चीचे परीक्षण कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला तर त्यात नवल नाही. परंतु या मासिकाचा वाचकवर्ग ध्यानात घेता खुर्ची हा विषय त्याला परका आहे, असे कोणीही म्हणणार नाही. आपण बहुतेक जण घरदार सोडून दूरच्या शहरी आलो ते एका खुर्चीसाठीच. तिला हात आहेत की नाहीत, तिची पाठ किती उंच आहे, त्या पाठीवर पांढरा टॉवेल पसरलेला असतो की नसतो, यावरून तिच्यावर बसणाऱ्याची पायरी ओळखण्याची कला आपण नोकरीच्या पहिल्या महिन्यातच हस्तगत केलेली असते. कचेरीतील त्या खुर्चीवर विनोदी लेख पुष्कळ झाले. आम्हांला लिहावयाचे आहे ते निराळ्याच खुर्चीविषयी. ती छपराबाहेर असते, तिच्यावर कोणाचा हुद्दा लिहिलेला नसतो, आणि तिच्यावर अंमल चालतो तो ऊन, पाऊस व धूळ यांचा.

उघड्यावर बसण्याची आपली परंपरा जुनी आहे. गावातील वडापिंपळाचा पार, घरापुढचा ओटा, अंगणात टाकलेली बाज ही आपली उघड्यावरची बैठक. इकडे उत्तरेत आल्यावर हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात हिरवळीवर मांडलेले सरकंड्याचे मुढे आपल्या परिचयाचे झाले. या साऱ्यांत एक शहाणपण आहे. पार दगडाचा, म्हणून तो पावसात राहतो; बाज आणि मुढा हलके, म्हणून आभाळ भरून येताच ते उचलून आत नेता येतात. जे टिकाऊ ते अचल, आणि जे चल ते आडोशाचे, अशी ही वाटणी होती. आधुनिक काळाने खुर्चीपुढे जी मागणी ठेवली ती या वाटणीला न जुमानणारी आहे. खुर्ची एका हाताने उचलता यावी, पण ती पावसात भिजली तरी बिघडू नये. शंभर खुर्च्या एका कोपऱ्यात रचून ठेवता याव्यात, पण प्रत्येकीवर भारदस्त मनुष्य निर्धास्तपणे बसावा. या परस्परविरोधी मागण्यांचा मेळ घालण्याचा जो प्रयत्न गेल्या अर्धशतकात झाला, त्यातील एका पारितोषिकप्राप्त कृतीचा आणि पारितोषिकाचे कधी नावही न ऐकलेल्या दुसऱ्या एका कृतीचा येथे एकत्र विचार करावयाचा आहे.

पहिली कृती म्हणजे ‘मीतो’ ही खुर्ची. इटलीत ‘कोम्पास्सो द'ओरो’, म्हणजे सोन्याचा कंपास, या नावाचे एक पारितोषिक आहे. मिलान शहरातील ‘ला रिनाशेंते’ या मोठ्या दुकानाने वास्तुशिल्पज्ञ जिओ पोंती यांच्या प्रेरणेने १९५४ साली ते सुरू केले; पुढे ते तेथील औद्योगिक संकल्पकांच्या संस्थेकडे गेले. संकल्पनाच्या क्षेत्रात या कंपासाला मोठा मान आहे. १९६४ साली तो मार्को झानुझो व रिचर्ड सॅपर यांच्या लहान मुलांच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला मिळाला होता; तेव्हा प्लॅस्टिकला हा मान नवा नव्हे. २०११ साली तो ‘मीतो’ला मिळाला. तिचे संकल्पक कॉन्स्टान्टिन ग्रचिच हे म्यूनिकचे. १९६५ सालचा त्यांचा जन्म. त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटते. ते आधी लाकडाचे काम शिकले, फर्निचर घडवणारे कारागीर म्हणून तयार झाले, आणि मग लंडनला जाऊन संकल्पनाचे शिक्षण घेते झाले. ज्याने सांधे जुळवण्यात उमेदवारी केली, त्याने एकही सांधा नसलेली खुर्ची घडवावी, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे. सांधा हीच खुर्चीची दुखरी जागा, हे सुताराइतके कोणाला ठाऊक असणार?

‘मीतो’ला मागचे पाय नाहीत. पुढचे दोन पाय खाली उतरून जमिनीलगत मागे वळतात आणि सारा भार पेलतात. बसणारा मनुष्य जणू अधांतरी राहतो. ही कल्पना नवी नव्हे. १९२६ साली मार्ट स्टाम यांनी लोखंडी नळ्यांची अशी खुर्ची केली होती, आणि १९६७ साली व्हेर्नर पांतोन यांची अखंड प्लॅस्टिकची अधांतरी खुर्ची बाजारात आली होती. ग्रचिच यांनी त्यात भर घातली ती जाळीची. खुर्चीचा सांगाडा जाडजूड आहे, पण बैठक व पाठ जाळीदार आहेत, आणि जाड सांगाड्यातून बारीक जाळी अशी फुटते की, एक कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले ते दाखवता येऊ नये. वडाच्या फांदीतून पारंबी फुटावी तसे ते दिसते. हे साधले ते एका विशिष्ट प्लॅस्टिकमुळे. जर्मनीतील बी.ए.एस.एफ. या रसायनकंपनीने तयार केलेले हे द्रव्य वितळल्यावर इतके प्रवाही होते की, साच्याच्या बारीकशा नळीतही ते थिजण्यापूर्वी पोहोचते, आणि थिजल्यावर मात्र ते चिवट व कणखर राहते. इटलीच्या उत्तरेकडील प्लांक या कारखान्याने खुर्ची काढली, आणि २००७ साली ड्युसेलडॉर्फच्या प्लॅस्टिक-प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानेही ती आपल्या संग्रहात घेतली.

ही खुर्ची आम्ही केवळ चित्रात पाहून लिहीत नाही. दिल्लीतील एका उपाहारगृहाच्या गच्चीवर आम्हांला तिच्यावर तासभर बसावयास मिळाले. आमंत्रण एका स्नेह्याचे होते. एरवी तेथील कॉफीचा दर पाहून आम्ही जिन्यावरूनच परतलो असतो. पाऊस नुकताच येऊन गेला होता. शेजारच्या लाकडी बाकांवर पाणी साचले होते; या खुर्च्यांच्या जाळीतून ते केव्हाच निथळून गेले होते. बसताच खुर्ची किंचित मागे लवली आणि थांबली. एखाद्या जाणत्या माणसाने ‘बसा’ म्हणताना मान लववावी, तसे ते लवणे होते. अर्ध्या तासाने पाठीला जाळीचा किंचित काच जाणवू लागला, हेही नमूद केले पाहिजे. परंतु एकंदरीत या खुर्चीचे रूप तिच्या द्रव्यातून उगवलेले आहे; वरून चिकटवलेले त्यात काही नाही. कवितेत ज्याला आपण आशय व आकार यांची एकरूपता म्हणतो, ती येथे निःसंशय आहे. परीक्षकांनी सोन्याचा कंपास वाया घालवला, असे आम्ही म्हणणार नाही.

आता दुसरी कृती. ती पाहावयास उपाहारगृहाच्या गच्चीवर जावे लागत नाही. लग्नाचा मंडप, निवडणुकीची सभा, दवाखान्याचा व्हरांडा, शोकसभा, रस्त्यावरचे चहाचे दुकान, जेथे चार माणसे उघड्यावर जमतात तेथे ती हजर असते. ती म्हणजे साधी, अखंड साच्यातून काढलेली, हातांची प्लॅस्टिकची खुर्ची. तिचा पूर्वज म्हणून फ्रान्समधील आंरी मासोने यांच्या १९७२ सालच्या ‘फोतेय ३००’ या खुर्चीचे नाव घेतात. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरावयाचे आणि दोन मिनिटांच्या आत पुरी खुर्ची बाहेर काढावयाची, ही त्यांची किमया. त्यांनी तिचे एकस्व घेतले नाही. त्यामुळे ज्याला साचा व यंत्र परवडले त्याने ती काढली. पुढे प्रत्येकाने थोडे प्लॅस्टिक वाचवले, थोडी जाडी उतरवली, आणि खुर्ची स्वस्त होत होत जगभर पसरली. तिला कर्ता उरला नाही. लोकगीताचे जसे होते तसेच हे झाले. गाणे सर्वांच्या तोंडी, पण रचणाऱ्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही.

अभिजनांनी तिची हेटाळणीच केली. स्वित्झर्लंडमधील बाझल नगराने २००८ ते २०१७ या काळात शहराची शोभा राखण्यासाठी सार्वजनिक जागी या खुर्चीला मनाई केली होती. त्याच २०१७ साली, बाझललगत सीमेपलीकडे असलेल्या व्हिट्रा या संकल्पन-संग्रहालयाने याच खुर्चीवर स्वतंत्र प्रदर्शन भरवले. एका गावाने हाकलावे आणि शेजारच्या गावाने संग्रहालयात बसवावे, असे भाग्य थोड्याच खुर्च्यांच्या वाट्याला येते. याहून मोठी गोष्ट म्हणजे अमेरिकन अभियंता डॉन शोएनडॉर्फर यांनी २००१ सालापासून याच बागेतल्या पांढऱ्या खुर्चीला सायकलीची चाके जोडून अपंगांसाठी चाकांच्या खुर्च्या तयार करविल्या; त्यांच्या संस्थेने दहा लाखांहून अधिक खुर्च्या देशोदेशी विनामूल्य वाटल्या. त्यांतील अगदी पहिल्या काही आपल्याच देशात आल्या होत्या. कोणत्याही परीक्षक-मंडळाने न गौरवलेल्या वस्तूचा हा गौरव आमच्या मते लहान नव्हे.

येथवर वाचून कोणास वाटेल की, आम्ही आता गरीब बिचाऱ्या खुर्चीची बाजू घेऊन श्रीमंत खुर्चीला खाली ओढणार. लोककलेचे गोडवे गाऊन नागर कलेला नावे ठेवण्याची ही पद्धत सोपी आहे आणि ती लोकप्रियही आहे. आम्हीही काही दिवस तिच्या मोहात होतो. तो मोह उतरला तो एका लहानशा अपघाताने.

काही वर्षांपूर्वी येथील एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात संध्याकाळचा गाण्याचा कार्यक्रम होता. पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी कोच होते. मागे मंडपवाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. तिसऱ्या रांगेत एक निवृत्त गृहस्थ बसले होते. त्यांना आम्ही सारे नाना म्हणतो. तबला लागत असताना ते जरा मागे रेलले, खुर्चीचे मागचे पाय फाकले, एक पाय मुळाशी तडकला, आणि नाना पाठीवर पडले. आम्ही धावलो. “नाना, लागलं का हो?” असे आम्ही विचारले. त्यावर ते उठता उठता म्हणाले, “काही नाही, काही नाही. माझंच चुकलं, मी रेललो.” मनगटाचे हाड मोडले होते, ते रात्री कळले. परंतु आमच्या मनात राहिले ते हाड नव्हे, ती क्षमायाचना राहिली. खुर्ची मोडली होती, आणि क्षमा मागत होता तो तिच्यावर बसणारा. पुढच्या वर्षी नाना आले, पण दोन तास मंडपाच्या खांबाला टेकून उभे राहिले. “तुम्ही बसा, मी उभाच बरा,” एवढेच ते म्हणाले.

त्या तुटलेल्या खुर्चीचा पाय आम्ही दुसऱ्या दिवशी हातात घेऊन पाहिला. पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका, भुरभुरीत झालेला. उन्हातील अतिनील किरण अशा प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडीत जातात. त्यांना अटकाव करणारे द्रव्य पुरेसे मिसळले नाही, तर काही उन्हाळ्यांत चिवटपणा जाऊन ठिसूळपणा येतो. त्यात किंमत उतरवण्यासाठी चुनखडीची भुकटी मिसळलेली असली आणि पायाची जाडी कमी केलेली असली, म्हणजे काय होणार हे सांगावयास नको. खुर्ची बाहेरून खुर्चीच दिसते. बसणाऱ्याला सूचना मिळत नाही. स्वस्ताईची किंमत कोणी तरी भरतोच. येथे ती सभेतील सर्वांत वृद्ध माणसाने भरली.

मग या दोन्ही कृतींना एकच माप लावावयाचे तर ते कोणते? योगायोगाने ते आपल्याच सरकारच्या दप्तरात आहे. १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने देशभर हिंडून एक अहवाल सादर केला. त्यातूनच १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय संकल्पन संस्था उभी राहिली. सरकारी अहवाल वाचण्यात ज्यांचा जन्म जातो, त्यांनाही हा वाचताना झोप येणार नाही. ईम्स दांपत्याने आपल्या देशातील सर्वांत सुंदर वस्तू म्हणून निवडला तो साधा लोटा. तो कोणा एकाने घडवला नाही, अनेक पिढ्यांनी घडवला, असे म्हणून त्यांनी लोटा करावयाचाच झाला तर कोणकोणते प्रश्न विचारावे लागतील, त्यांची यादी दिली. किती पाणी मावावे. भरलेला व रिकामा असताना तोल कसा राहावा. डोक्यावर, कमरेवर, हातात नेताना तो कसा बसावा. ओततेवेळी धार कशी पडावी. घासता कसा यावा. हाताला, डोळ्याला, कानाला तो कसा वाटावा. किंमत काय पडावी. आणि मोडीत घातल्यावर त्याचे काय यावे. आम्हांला हा प्रश्न सर्वांत भारतीय वाटतो. भांडे घेतानाच त्याची मोड काय येईल ते विचारणारी आपली आजी संकल्पनशास्त्र न शिकताच परीक्षक होती.

हे प्रश्न ‘मीतो’ला विचारून पाहू. पाणी निथळते काय? उत्तम निथळते. एकीवर एक रचता येते काय? येते. भार पेलते काय? पेलते, आणि वर बसणाऱ्याचा मान राखून पेलते. डोळ्याला कशी? देखणी. किंमत? येथे ती अडखळते. एका ‘मीतो’च्या पैशात मंडपवाल्याच्या वीसेक खुर्च्या सहज येतील. आणि मोड? आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याला तिचे द्रव्य ओळखता येईल की नाही, याची आम्हांला शंकाच आहे. साधी खुर्ची मात्र तो डोळे मिटून वजनावर घेऊन जातो.

याहून खोलवरचा प्रश्न औचित्याचा आहे. अकराव्या शतकातील काश्मीरी पंडित क्षेमेंद्र याने औचित्य हा काव्याचा प्राण मानला. कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घातला तर अलंकार खरे असूनही हसेच होते, असे त्याने म्हटले आहे. ‘मीतो’चे मागचे पाय काढून टाकण्यात बसणाऱ्याचे प्रयोजन कोणते? ते सुखद लवणे हे एक आहेच. परंतु या खुर्चीची जन्मकथा पाहिली तर असे दिसते की, एका रसायनकंपनीला आपल्या नव्या द्रव्याचे सामर्थ्य प्रदर्शनात दाखवावयाचे होते, आणि मागचे पाय नसलेली खुर्ची हा ते दाखवण्याचा सर्वांत धीट मार्ग होता. म्हणजे खुर्चीचा आरंभ बसणाऱ्याच्या गरजेपासून झाला नाही, द्रव्याच्या गुणांपासून झाला. हा दोष आम्ही मोठा मानीत नाही. पुष्कळ चांगली काव्ये राजाच्या स्तुतीसाठी लिहिली गेली. तथापि परीक्षकांनी ज्या धिटाईला मान दिला, ती धिटाई नानांच्या उपयोगाची नव्हती. जाळीची युक्ती, जाड-बारीक भागांतील तो नैसर्गिक प्रवाह, ताण येतो तेथेच द्रव्य भरणे हे सारे नानांच्या उपयोगाचे होते. तोच गुण साध्या चार पायांच्या स्वस्त खुर्चीत उतरवणे हे काम अधांतरी खुर्ची करण्यापेक्षा कठीण आहे, कारण त्यात कौतुक कमी आणि काटकसर अधिक.

आमचा खरा आक्षेप खुर्चीवर नाही, पारितोषिकाच्या रीतीवर आहे. काव्याला काळ हा परीक्षक आहे असे आपण म्हणतो. उघड्यावरच्या खुर्चीला तर तो अक्षरशः आहे. पण पारितोषिके बहुधा दिली जातात ती कोऱ्या वस्तूंना किंवा फार तर तीन-चार वर्षांच्या वस्तूंना. जी वस्तू उन्हापावसासाठी केली, तिची परीक्षा पुष्कळदा छपराखाली, प्रदर्शनाच्या प्रकाशात होते. आमची सूचना अशी की, उघड्यावरच्या आसनांसाठी एक कंपास निराळा ठेवावा, आणि तो दहा उन्हाळे व दहा पावसाळे काढलेल्या खुर्चीलाच द्यावा. परीक्षकांत एक मंडपवाला, एक भंगारवाला आणि एक सत्तरी ओलांडलेला मनुष्य असावा. ‘मीतो’ त्या परीक्षेलाही उतरेल, असे आम्हांला तिच्यावर बसून वाटले. तिने ती जरूर द्यावी. मंडपवाल्याची खुर्ची ती परीक्षा आज देऊ शकणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. एकीजवळ बळ आहे, पण ती सर्वांपर्यंत पोहोचत नाही. दुसरी सर्वांपर्यंत पोहोचली, पण पोहोचता पोहोचता बळ गमावून बसली. या दोहोंचा मेळ ज्या दिवशी एखाद्या आपल्या संकल्पकाच्या हातून साधेल, त्या दिवशी त्याला पारितोषिक मिळो अथवा न मिळो, आम्ही याच पानांवर त्याचे अभिनंदन करू.

तोपर्यंत काय करावे, याचे उत्तर आम्हांला गेल्या गणेशोत्सवात मंडपवाल्याच्या हाताखालच्या एका पोराने दाखवले. नाना नेहमीप्रमाणे खांबाशी उभे होते. तो पोरगा खुर्च्यांची उतरंड उतरवीत होता. त्याने त्यांच्याकडे एकवार पाहिले आणि दोन खुर्च्या सुट्या न करता, एकीत एक बसलेल्या तशाच आणून ठेवल्या. “बाबूजी, इस पर बैठिए, ये नहीं टूटेगी,” तो म्हणाला. नानांनी हाताने दाबून पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि ते बसले. कार्यक्रम संपेपर्यंत बसले. मध्यंतरात तर ते थोडे मागेही रेलले.